अनुभव धागा : प्रवेश मिळाला, पुढं टिकलात कशामुळं?

धागाकर्ती, सातारा : १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र बोर्डिंग काढलं. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. आज प्रवेशाचे आकडे सगळे सांगतात, पण पोरं मधेच का सोडतात हे कोण विचारतं? तुमचं सांगा. कॉलेजचं नाव नको.

माणदेशी : मी भटक्या जमातीतला. इंजिनिअरिंगला नंबर लागला, पण जात पडताळणीला २१ नोव्हेंबर १९६१ आधीचा पुरावा हवा. आजोबांचं बिऱ्हाड गाढवावर, आज या गावाला पाल तर उद्या त्या. सातबारा कुठला असणार? चुलत आजोबा थोडे दिवस शाळेत जायचे, एवढंच आत्याला आठवत होतं. त्या शाळेच्या हेडमास्तरांनी कपाटातलं जुनं जनरल रजिस्टर काढलं आणि पानन् पान माझ्यासोबत बघितलं. नाव सापडलं, जातीसकट! त्या एका नोंदीवर मी शिकलो, मागून दोघी बहिणी शिकल्या. हेडमास्तरांनी ‘रजिस्टर जीर्ण झालंय’ म्हटलं असतं तर?

वाईकर : शिष्यवृत्ती वर्ष सरताना जमा व्हायची. मेसच्या काकूंनी उधारी लिहून ठेवली, ताट कधी अडवलं नाही. म्हणून पदवी.

जतची : दहावीपर्यंत कन्नड माध्यम, कॉलेज मराठी. बाजारातलं मराठी येत होतं, पण ‘सीमांत उपयोगिता’ म्हणजे काय? अर्थशास्त्राच्या मॅडम तास संपल्यावर थांबायच्या. कन्नड, मराठी, इंग्रजी अशी तीन रकान्यांची वही त्यांनीच करायला लावली.

सांगलीकर : मला दिसत नाही. लेखनिक घेतला की तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पहिल्या पेपरला पर्यवेक्षकांनी तीन तासांतच उत्तरपत्रिका काढून घेतली. दुसऱ्या दिवशी मैत्रीण नियमाची प्रत घेऊन परीक्षा विभागात उभी राहिली. तेव्हापासून कुणी घाई केली नाही.

कराडची आई : मुलगी व्हीलचेअरवर आहे. यंदा बीएस्सीला घालायचीय. लॅब दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काय करू?

सांगलीकर : काकू, प्रवेशाच्या वेळीच प्राचार्यांना लेखी अर्ज द्या : तिची प्रात्यक्षिकं आणि तास तळमजल्यावर हवेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख करा. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. अर्जाचा मसुदा मी आज रात्री इथंच टाकतो.