अनुभव धागा : जंगलात एकटं जाताना घरी खबर कशी देता?

येऊरपासून मेळघाटापर्यंत एकट्यानं राष्ट्रीय उद्यानं फिरणारे ठाणे-नवी मुंबईत बरेच आहेत. त्यांनी लिहावं, आणि घरी वाट पाहणाऱ्यांनीही. फोन कुठे बंद पडला आणि निघताना घरी काय ठरलं होतं, एवढं मात्र नक्की सांगा. सुरुवात मी करते.

ऐरोली
ऑगस्टमध्ये उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला गेले होते. तिथे उद्यानात मुक्काम करता येत नाही. सकाळी चौकीवर नोंद करून आत जायचं आणि संध्याकाळच्या आत घांगरियाला परतायचं. आईला हे सांगितलं तेव्हा तिला फोनपेक्षा त्या चौकीवरच्या वहीचाच आधार वाटला. दरीत रेंज नव्हतीच. परतले तर पावसानं माझा फोन बंद पडलेला. एका दुकानदाराच्या फोनवरून आईला तीनदा फोन लावला, तिनं उचलला नाही. अनोळखी नंबर उचलायचा नाही, हे फसवणुकीच्या बातम्या वाचून मीच तिला बजावलं होतं. ती रात्र तिनं जागून काढली, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. आता मी प्रवासात असेन तेव्हा तिनं प्रत्येक फोन उचलायचा आणि मी आधी आमचा ठरलेला शब्द बोलायचा, असं ठरवलं आहे.

नौपाडा, ठाणे
माझं वय ६४. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक, गुगामल राष्ट्रीय उद्यान त्यातच येतं. सिपना नदीकाठी दोन दिवस शांत बसायचं फार दिवस मनात होतं. अमरावती, परतवाडा आणि पुढे एसटीनं सेमाडोह असा गेलो. मुलानं फोनवर लाइव्ह लोकेशन चालू करून दिलं होतं, त्यामुळे घरचे निर्धास्त होते.

घात त्या लाइव्ह लोकेशननंच केला. परतवाड्याच्या पुढे घाटात रेंज गेली आणि नकाशावरचा माझा ठिपका एका वळणावर थांबून राहिला. रेंज नसली की ठिपका शेवटच्या जागीच राहतो, हे घरी कुणालाच माहीत नव्हतं. सौ.ला वाटलं, गाडी दरीत गेली. रात्री अकराला मुलगा ठाण्याहून गाडी काढून निघाला. मी मात्र सेमाडोहला जेवून झोपलो होतो.

पहाटे जाग आली ती अस्वस्थपणानंच. परतवाड्याकडे जाणाऱ्या पहिल्या एसटीच्या वाहकाला घरचा नंबर आणि ‘सुखरूप आहे’ एवढं लिहिलेली चिठ्ठी दिली. त्या भल्या माणसानं परतवाड्याला पोचताच फोन केला. मुलगा तोवर निम्म्याहून जास्त रस्ता कापून आला होता. तो तसाच पुढे सेमाडोहला आला आणि मला बघून काही न बोलता पायरीवर बसला.

तेव्हापासून फ्रिजवर कागद लावून जातो. मंगळवारी सेमाडोह, फोन लागणार नाही. बुधवारी संध्याकाळी सातपर्यंत परतवाड्याहून फोन. गुरुवारी सकाळपर्यंत आला नाही तर विश्रामगृहाला आणि वन परिक्षेत्र कार्यालयाला विचारायचं, दोन्ही नंबर खाली. शेवटी वनविभागाची हेल्पलाइन १९२६. कागदात लिहिलेल्या शांततेला सौ. घाबरत नाही.

खारघर
ताडोब्यात सफारीला मोबाइल आत नेता येत नाही. सकाळची फेरी चार तासांची असते, घरी आधीच सांगून ठेवा.

वर्तकनगर, ठाणे
येऊर जवळ, म्हणून आपण घरी सांगतच नाही. मीही सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात ओढ्यातल्या दगडावरून पाय मुरगळला, आणि रेंज शोधून शोधून फोनची बॅटरी संपली होती. पाड्यावरच्या बायकांनी अंधार पडायच्या आत रस्त्यापर्यंत आणलं. हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानच आहे आणि इथे बिबटे आहेत. आता कुठल्या वाटेनं जाणार आणि किती वाजता परतणार, हे बहिणीला कळवूनच निघतो, आणि रेंज नसली की फोन फ्लाइट मोडवर टाकतो.

नेरूळ
मी घरी थांबणारी. मुलगी एकटी कान्हाला गेली तेव्हा मी दर तासाला फोन लावायचे. ती चिडली नाही, पण म्हणाली, “आई, तुझ्या फोनच्या धास्तीनं मी झाडाखाली बसण्याऐवजी रेंजच्या मागे फिरतेय.” ते मला लागलं. मग आम्ही रोज एकच एसएमएस ठरवला. इंटरनेट नसलं, सिग्नल अगदी थोडा असला तरी तो बहुधा जातो. त्यात फक्त ‘ठीक’ लिहायचं नाही. रात्रीचा मुक्काम कुठे आणि दिवसभरात काय पाहिलं, तेही लिहायचं. पहिला आला : “मुक्की गेटजवळ आहे. बारशिंगा पाहिला, गवतात उभा होता.” तो मी अजून जपून ठेवलाय.

येत्या फेब्रुवारीत मी जाणार आहे आणि ती नेरूळला थांबणार आहे. नौपाड्याच्या काकांसारखा कागद आजच लिहायला घेतला.