मदत हवी आहे: नायलॉन-एलडीपीई ब्लेंडमध्ये आयोनोमर
नमस्कार मंडळी. एम.टेक. प्रोजेक्टसाठी नायलॉन ६ आणि एलडीपीई (कमी घनतेचं पॉलिथिन) ८०:२० प्रमाणात ट्विन स्क्रूवर (दोन स्क्रूंच्या एक्स्ट्रूडरवर, वितळवून) मिसळतोय. नुसतं मिसळलं की तेल-पाण्याची गत, तोडलेल्या पट्टीवर पापुद्रे सुटतात. म्हणून ५ टक्के झिंक आयोनोमर (झिंकचे आयन असलेलं, दोघांना जोडून धरणारं पॉलिमर) घातला. पापुद्रे गेले, इम्पॅक्ट (आघात सोसण्याची ताकद) सुधारला, पण टेन्साइल मॉड्युलस (ताणाखालचा ताठपणा) घसरला. डीएससीत (नमुना तापवताना-थंड करताना उष्णता मोजणारी चाचणी) वितळण्याची शिखरं ११० आणि २२० अंशांच्या आसपास, जागच्या जागी. मात्र थंड होताना नायलॉनचं स्फटिकीभवन खालच्या तापमानाला सरकलंय. झिंक नायलॉनच्या साखळीतल्या अमाइड गटांना धरून बसतं म्हणून, की दाणे नीट वाळले नव्हते? (८० अंशांवर रात्रभर ठेवले होते, पण ओव्हन साधाच, व्हॅक्यूमचा नाही, आणि पावसाळ्यात नायलॉन किती पाणी पितं ते ठाऊक आहेच.) झिंकऐवजी सोडियमचा आयोनोमर कुणी वापरलाय का? सर म्हणतात झिंकच ठेव, कारण मात्र सांगत नाहीत.