‘शहर आम्हीच पोसतो’ म्हणणाऱ्या बंगल्यांची घरपट्टी

चाटीगल्ली_चौकस

काल एका गृहस्थांनी इथं लिहिलं, ‘सोलापूर चालतं ते बंगलेवाल्यांच्या घरपट्टीवर. पेठा आणि पूर्व भाग फुकट खातात, वर आमच्यावरच डोळा.’ खाली वाहवांचा ढीग. उत्तर तिथं मावेना म्हणून हा वेगळा धागा.

करयोग्य मूल्याचं गणित सगळ्यांना पाठ आहे. वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा, उरेल त्यावर टक्क्यांनी कर. आता त्या भाडेमूल्यामागचे रकाने बघा: क्षेत्र, वापर आणि नोंदीचं साल. ते जुनेच राहू द्यायचे, एवढंच करावं लागतं. लाच वगैरे लांबची गोष्ट.

परवाना तळमजला अधिक एकचा. प्रत्यक्षात स्टिल्ट पार्किंगला शटर लावलेलं, गच्चीवर पत्र्याखाली जिम आणि नोकराची खोली. भोगवटा प्रमाणपत्र मागायलाच जायचं नाही, म्हणजे पुन्हा टेप लागत नाही. रजिस्टरात पहिल्या मोजणीचे चौरस फूट तसेच.

खाली दवाखाना किंवा क्लास चालतो, नोंद ‘निवासी’. महावितरणचं मीटर मात्र बिगरघरगुती, कारण तिथं भरारी पथक येतं. मीटरच्या पेटीवर डॉक्टरांच्या वेळेची पाटी, आणि त्याच भिंतीवरच्या मिळकत क्रमांकाला घराचा दर.

भाड्याचं तर विचारूच नका. लिव्ह अँड लायसन्स ८,००० चं, आणि त्याच दिवशी ‘फर्निचर व देखभाल’ म्हणून दुसरा करार १७,००० चा. कर विभागापुढं पहिलाच कागद येतो.

सगळ्यात सफाईदार प्रकार म्हणजे एका जिन्याच्या बंगल्याला तीन मिळकत क्रमांक. साहेब, बाईसाहेब आणि हिंदू अविभक्त कुटुंब. मोठ्या निवासी जागांवरचा १९७९ च्या कायद्याचा कर ठरावीक क्षेत्रफळाच्या वर लागतो. तुकडे पाडले की एकही तुकडा त्या वर जात नाही. आत जाऊन गॅसच्या शेगड्या मोजल्या तर एकच निघेल, पण मोजणार कोण?

होटगीरोड_बंगला

वाचून करमणूक झाली. तुम्ही जे सांगताय त्यातलं निम्मं कायद्यानंच शिकवलंय.

जादा मजला कुणी का नोंदवत नाही? महापालिका कायद्याचं कलम २६७ अ. नोंद लावायला गेलात की अनधिकृत म्हणून मिळकत कराच्या दुपटीपर्यंत शास्ती. ती भरली म्हणून बांधकाम नियमित होतं का? नाही, तेच कलम तसं सांगतं. म्हणजे खरं बोलणाऱ्याला तिपटीपर्यंत भुर्दंड आणि पाडापाडीची टांगती तलवार, गप्प बसणाऱ्याला काहीच नाही. माणूस काय करेल?

आणि टक्केवारी सगळ्यांना सारखी असेल तर मोठ्या घराचा आकडा मोठाच येतो. वर्षाचे ५०,००० भरणाऱ्याला चोर म्हणताना १,८०० थकवणाऱ्या दहा जणांकडं बघत नाही तुम्ही.

मागवाला_पूर्वभाग

ओ मालक, १,८०० वाले म्हणजे आम्हीच ना? ऐका मग.

पूर्व भागात दत्त नगर, साखर पेठ, अशोक चौक, कुठंही जावा. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल. मागाची खोली बिगरनिवासी. त्या दरानं शिक्षण उपकर वाढतो, वर रोजगार हमी उपकर, जो राहत्या घराला लागतच नाही. माग बंद पडून भंगारात गेला तरी ‘वापर बदल’ नोंदवायला अर्ज, पाहणी, सुनावणी. तोवर बिल जुन्याच दरानं चालू. खटखट रस्त्यावर ऐकू येते म्हणून आमचा वापर लगेच दिसतो. तुमच्या बेसमेंटमधल्या ऑफिसचा एसी कुणाला ऐकू येत नाही.

नियम_४१

दोघांचंही एक सुटतंय. खरी सूट थकवण्यात आहे.

मागणी १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला. मुदतीत भरली नाही की दरमहा २ टक्के. ५०,००० तीन वर्षं थकवा: ३६ महिने, ७२ टक्के, म्हणजे ३६,००० शास्ती. ऐकून पोटात गोळा येतो. मग निवडणुकीच्या किंवा मार्चअखेरच्या तोंडावर अभय योजना. समजा शास्तीत ८० टक्के माफी. उरले ७,२००. तेच ५०,००० बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर तीन वर्षांत ११,२५० व्याज. थकवून ४,०५० खिशात. वेळेवर भरणाऱ्याला ५ टक्के सूट धरली तरी २,५००, आणि तीन वर्षांच्या व्याजासकट ३,०६०.

पूर्ण माफी असेल तर बोलायलाच नको. आता सांगा, हे कुणाला परवडतं? हातात ५०,००० मोकळे असतात त्याला. १,८०० वाल्याचा नळ त्याआधीच तोडलेला असतो.

होटगीरोड_बंगला

गणित चांगलंय, फक्त व्याजावरचा आयकर विसरलात. ३० टक्क्यांच्या गटात ७ चे ४.९ राहतात. तीन वर्षांत साधारण ७,७००. त्यातून ७,२०० गेले, उरले ५००. प्रामाणिकाकडं २,८८० च्या आसपास. म्हणजे प्रामाणिकच पुढं. घ्या.

नियम_४१

मान्य. ठेवीवर जगणारा बंगलेवाला असेल तर बरोबर. होटगी रोडवर तसे किती आहेत, ते तुम्हीच सांगा. व्यापारी पैसा धंद्यात फिरवतो, नाही तर त्याला बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज ११ टक्क्यांनी घ्यावं लागतं. त्याच्या दृष्टीनं पालिका म्हणजे तारण न मागणारी बँक.

सातरस्ता

इथं सगळे आतल्या चोऱ्या मोजताहेत. मुळात जुनं घर आणि नवं घर यांचंच बघा. भाडेमूल्य भाडे कायद्यानं ठरणाऱ्या प्रमाणित भाड्याच्या वर नेता येत नाही, मालक स्वतः राहत असला तरी, हे सुप्रीम कोर्टानं दिवाण दौलतराय कपूर खटल्यात १९७९ मध्येच सांगितलं. त्यामुळं रेल्वे लाइन्समधला जुना मोठा बंगला जुन्या मूल्यावर, आणि जुळे सोलापुरातला कर्ज काढून घेतलेला दोन खोल्यांचा फ्लॅट आजच्या दरावर. यात कुणी काही लपवलेलं नाही. रजिस्टर स्वच्छ आहे.

उपाय भांडवली मूल्य, म्हणजे भाड्याऐवजी घराच्या किमतीवर कर. मुंबईनं २०१० पासून केलं.

इंद्रभुवनच्या_पायऱ्या

केलं, आणि त्यातले काही नियम हायकोर्टात टिकले नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते रद्दच ठेवले, कारण जागेवर पुढं किती बांधता येईल तेही किमतीत धरलं होतं. आणि सोलापुरात रेडीरेकनर (जागांच्या किमतीचा सरकारी दरतक्ता) लावला तर आधी मरणार नवी पेठेतला वाडा. रस्त्याकडच्या दुकानांमुळं तिथला दर चढा, आणि मागच्या चौकात पेन्शनवर राहणारी आजी. घर लाखांचं, हातात महिन्याचे ९,०००. तिनं वाडा बिल्डरला द्यायचा का?

पुण्यात स्वतः राहणाऱ्याला १९७० पासून ४० टक्के सवलत होती. मध्ये काढली, २०२३ मध्ये परत द्यावी लागली. सवलत एकदा दिली की काढता येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

मागवाला_पूर्वभाग

ते सगळं ऱ्हाऊ दे. पाण्याचं बोला. नळ रोज येत नाही. अर्धा इंची नळाला वर्षाची ठोक पट्टी, पाणी येवो न येवो. आमच्याकडं २०० लिटरचे तीन बॅरल, बंगल्यात २०,००० लिटरचा हौद. पट्टी सारखीच. हौदवाल्यानं नळाला थेट मोटार लावली की टोकाच्या घरांना फुसफुस हवा.

नियम_४१

हवा तरी बरी. थेट मोटारीनं पाइपात ओढ तयार होते, आणि जुन्या लाइनीचा सांधा गळका असेल तर बाहेरचं गटाराचं पाणी आत खेचलं जातं. पहिल्या दहा मिनिटांचं काळं पाणी तिथून येतं. मोटार लावायचीच तर हौदातून गच्चीवर चढवायला लावा, नळावर नाही.

होटगीरोड_बंगला

रोज पाणी सोडलं नाही तर हौद बांधणार नाही तर काय करणार? रोज तासभर द्या, मी हौद बुजवतो. वर्षानुवर्षं शहरासाठी औज बंधारा भरायला उजनी धरणातून नदीत पाणी सोडलं, वाटेत कित्येक पट मुरवलं, आणि दोष माझ्या हौदाला!

सातरस्ता

आणि टँकरचे पैसे वेगळे. तेही आम्हीच भरतो.

मागवाला_पूर्वभाग

टँकर परवडतो म्हणून भरताय. का ओ, रडताय कशाला?

होटगीरोड_बंगला

भाषा सांभाळा. मी मुदतीत भरतो, पावत्या आहेत.

चाटीगल्ली_चौकस

पावत्या आहेत हो, पण किती चौरस फुटांच्या? तेवढंच विचारतोय.

पाण्याला मीटर लागेपर्यंत हे भांडण मिटत नाही. पण घरपट्टीचं आजही करता येईल. बिगरघरगुती वीजमीटरांची यादी आणि जीएसटी नोंदणीचे पत्ते मिळकत क्रमांकांशी जुळवा. टेप घेऊन बंगल्यात शिरायची गरज नाही, दोन याद्या समोरासमोर ठेवल्या की पुरे.

होटगीरोड_बंगला

जुळवा. आणि सोबत २६७ अ मध्ये सवलत द्या, म्हणजे लोक आपणहून नोंदवतील. एवढं झालं तर मी माझी गच्ची मोजून देतो. समाधान?

नियम_४१

म्हणजे गच्चीवर आहे तर काहीतरी.

मागवाला, तुमच्यासाठी कामाचं: बंद मागाचा वापर बदल तोंडी सांगू नका. वीज कायमची तोडल्याचा महावितरणचा कागद, रिकाम्या खोलीचे तारखेसह फोटो, लेखी अर्ज, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. वाढीव आकारणीची नोटीस आली तर तीत दिलेल्या मुदतीतच हरकत द्या. त्यानंतरचा रस्ता महापालिका कायद्याच्या कलम ४०६ चं कोर्टातलं अपील. तिथं मुदत १५ दिवस, आणि मागणीची रक्कम आधी जमा करावी लागते. बंगलेवाला ती भरून वकील लावतो. तुम्हाला हरकतीच्या टप्प्यावरच जिंकावं लागेल.

मागवाला_पूर्वभाग

कागद मिळतो, पण मीटर तोडायला आधी विजेची थकबाकी भरा म्हणतात. ती १४,००० आहे. तिथं अभय योजना कधी लागते, ते सांगा.