पंपाचं पेट्रोल इंजिन थंड असताना सुरू होत नाही

मळेकरी:
दोन इंची पंपाचं इंजिन आहे, १६३ सीसी, ओव्हरहेड व्हॉल्व्ह. रात्रभर बंद राहिलं की सकाळी दोरी ओढून हात भरून येतात. चालू झालं तरी चोक उघडला की बंद पडतं. अर्ध्या चोकवर चालतं, पण स्लो (रेस न देता चालायचा वेग) वर-खाली होतो. गरम झाल्यावर मात्र एका झटक्यात सुरू. प्लग नवीन आहे. पावसाळाभर पंप उभा होता, टाकीत पेट्रोल तसंच होतं. मेकॅनिक टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करायला सांगतोय. करू का?

जेट_सुई:
टॅपेटला इतक्यात हात लावू नका. टॅपेट टाइट झाले की कॉम्प्रेशन पडतं, पण तुमची लक्षणं वेगळी आहेत. चोक हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवतो; त्याच्याशिवाय टिकत नाही म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. स्लोचा जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल जायच्या बारीक भोकाचा तुकडा) चोंदला असणार.

आधी खात्री करा. चोक लावून पाच-सहा वेळा दोरी ओढा आणि लगेच प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर प्लगचा करंट तपासा, नाहीतर इंजिन ओव्हर झालंय, म्हणजे आत जास्त पेट्रोल शिरलंय.

या घडणीच्या बहुतेक कार्बोरेटरमध्ये स्लोच्या स्क्रूखालीच प्लास्टिकच्या डोक्याचा जेट असतो. स्क्रू किती फेरे आत आहे ते मोजून ठेवा, मग काढा. जेट बारीक पेचकसाने अलगद उचला, ओ-रिंग सांभाळा. उजेडासमोर धरा; भोक केसाएवढंच असतं, पण आरपार दिसलं पाहिजे. वायरमधली तांब्याची एक तार फिरवा, मग कार्ब क्लीनर मारा. टाचणी घालू नका, भोक मोठं होतं आणि मग स्लो कधीच बसत नाही.

ओलिताचा_हंगाम:
वरचं बरोबर, पण जुनं पेट्रोल टाकीत ठेवून जेट साफ केलात तर पुन्हा तेच. आता पेट्रोल पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. त्यातलं इथेनॉल ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट खाली बसतं, आणि कार्बोरेटरला पेट्रोल टाकीच्या तळातूनच जातं. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरखालचा १० मिमीचा बोल्ट काढा, बाऊलमधलं (कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतलं) पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करा. हे सगळं इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत.

मळेकरी:
प्लग कोरडा निघाला. बाटलीत तळाला थर आहे. जेट साफ केल्यावरही तसंच राहिलं तर?

जेट_सुई:
मग एअर फिल्टर काढून चोकची पट्टी पूर्ण मिटते का बघा. लिव्हर फिरतो आणि पट्टी अर्धवट राहते असं होतं. कार्बोरेटर आणि इंजिनाच्या हेडमधलं पॅकिंग फाटलं असलं तरी हवा शिरून हीच लक्षणं दिसतात. टॅपेट सगळ्यात शेवटी, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी), थंड इंजिनावर: होंडा जीएक्स-१६० ला इनटेक ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिमी. तुमच्या मॉडेलचं माप पुस्तिकेतूनच घ्या.