गोडंतेल: भाव कीव्हमध्ये ठरतो की दिल्लीत?
(टोपणनावांनी झालेली चर्चा)

दादरकर
लोकलमध्ये, नाक्यावर, सोसायटीच्या ग्रुपवर जगाच्या राजकारणाच्या गप्पा निघाल्या की गाडी एकाच वाक्यावर येऊन थांबते: "युद्ध चालू आहे ना, म्हणून महागाई." मला हे मान्य नाही. खायच्या तेलाचं उदाहरण घेतो, कारण त्याचा हिशेब कुणालाही कागदावर मांडता येतो.

१४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ सीमाशुल्क शून्यावरून २० टक्के झालं. त्यावर ५ टक्के कृषी उपकर, आणि या दोघांच्या बेरजेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार. म्हणजे आधी एकूण ५.५ टक्के होतं ते २७.५ झालं. रिफाइंडवर १३.७५ चं ३५.७५.

हिशेबासाठी धरा, तेल बंदरात टनाला ११०० डॉलरला पडलं आणि डॉलर ८५ रुपये. किलोला झाले साडेत्र्याण्णव. जुन्या दराने शुल्क ५ रुपये १४ पैसे, नव्या दराने २५ रुपये ७१ पैसे. किलोमागे साडेवीस रुपये वाढले ते एका अधिसूचनेने. यात ना पुतिन आहेत ना झेलेन्स्की. तेव्हा कीव्हवर तासभर भांडण्यापेक्षा दिल्लीला प्रश्न विचारा.

शीव पूर्व
दादरकर, तुम्ही सोयीचा महिना निवडलात. २०२२ घ्या. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. आपलं सूर्यफूल तेल तेव्हा बहुतांश त्या दोन देशांतून यायचं, आणि ओडेसाकडची बंदरं बंद झाली. सूर्यफूल मिळेना म्हणून सगळे पाम आणि सोयाबीनकडे वळले. मार्चमध्ये मलेशियाच्या वायदेबाजारात, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या मालाचे सौदे होतात तिथे, पामतेल टनाला ७,००० रिंगिटच्या (मलेशियाचं चलन) वर गेलं. इंडोनेशियात लोकांना घरातच तेल परवडेना, म्हणून त्यांच्या सरकारने २८ एप्रिलपासून पामतेलाची निर्यातच थांबवली. २३ मेला बंदी उठली. तोवर त्यांच्याकडच्या टाक्या तुडुंब भरल्या होत्या, माल एकदम बाहेर आला आणि जुलैत भाव ४,००० रिंगिटच्या खाली उतरला.

या वर-खाली होण्यात दिल्लीचा हात कुठे होता? उलट दिल्लीने मे २०२२ मध्ये वर्षाला २० लाख टन सोयाबीन आणि २० लाख टन सूर्यफूल तेल विनाशुल्क आणायला परवानगी दिली. आपण वर्षाला सुमारे १६० लाख टन तेल बाहेरून आणतो, गरजेच्या निम्म्याहून जास्त. एवढं परावलंबन असताना जगाचं राजकारण स्वयंपाकघरात येणारच.

दादरकर
बंदी २५ दिवस टिकली. शुल्क महिनोन्‌महिने टिकतं. सप्टेंबर २०२४ चं शुल्क मे २०२५ च्या अखेरीपर्यंत तसंच राहिलं, मग कच्च्या तेलाचं मूळ शुल्क २० चं १० झालं, म्हणजे एकूण १६.५ टक्के.

मस्जिद बंदर
दोघांचेही आकडे बरोबर आहेत. पण आकडा आणि दुकानातला भाव यांच्यामध्ये काय घडतं ते दोघांनीही सोडून दिलंय.

पहिलं म्हणजे पाम आणि सोयाबीन तेलावरचं शुल्क आयातदाराच्या बिलावर लागत नाही. सरकार दर पंधरवड्याला टॅरिफ व्हॅल्यू जाहीर करतं, टनाला इतके डॉलर, आणि टक्के त्यावर लागतात. रुपयात बदलायलाही कस्टम्सचा स्वतःचा दर असतो. त्यामुळे शुल्काचा टक्का तोच राहिला तरी टॅरिफ व्हॅल्यू चढली की किलोमागचे पैसे वाढतात. दादरकर ज्याला दिल्लीचं शुल्क म्हणतात त्यात शीव पूर्वचं जग आधीच येऊन बसलेलं असतं.

दुसरं, वेळ. मलेशिया-इंडोनेशियातून न्हावा शेव्याला टँकर आठ-दहा दिवसांत येतो. अर्जेंटिनाचं सोयाबीन तेल यायला सहा आठवडे तरी लागतात. काळ्या समुद्रातलं सूर्यफूल सुएझमार्गे यायचं. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हूथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले तशी बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, की वर आणखी बरेच दिवस. बंदरात उतरल्यावर टाकी, रिफायनरी, पॅकिंग, घाऊक, किराणा. म्हणून पामतेलातली हालचाल आधी दिसते, सूर्यफुलातली सावकाश.

तिसरी गोष्ट गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त टोचते. शुल्क वाढलं की जुन्या शुल्काच्या मालाचाही घाऊक भाव त्याच दिवशी चढतो, कारण विकलेला डबा पुन्हा भरायचा तो नव्या भावाने. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कंपन्यांना सांगितलं होतं की जुन्या शुल्काचा माल संपेपर्यंत एमआरपी वाढवू नका, सुमारे ३० लाख टन शिल्लक आहे, ४५-५० दिवस पुरेल. ती घोषणा ऐन गणेशोत्सवात झाली. त्यात ४५-५० दिवस मिळवा, दिवाळी येते. सगळ्यात जास्त तळण ज्या दिवसांत, नेमक्या त्याच दिवसांत जुना माल संपणार होता.

चारकोपची ताई
युद्ध आणि शुल्क राहू दे बाजूला, पिशवीवरचं वजन कोण बघतं? एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. ठरावीक मापातच पॅकिंग करायची सक्ती २०२२ मध्ये उठली, तेव्हापासून ८००, ८५० ग्रॅमच्या पिशव्या एक लिटरच्या शेजारी मांडलेल्या असतात. लांबी-रुंदी तीच, फक्त पोटात थोडी चपटी. समजा ८४० ग्रॅमची १४० रुपयांना आहे आणि ९१० ची १४८ ला. हात आपोआप १४० वाल्या पिशवीकडे जातो. किलोचा हिशेब केला तर पहिली पडते १६६ रुपये ६७ पैसे, दुसरी १६२ रुपये ६४ पैसे. "स्वस्त" पिशवी चार रुपयांनी महाग.

आधी आणखी एक प्रकार चालायचा. पिशवीवर "१ लिटर, ६० अंश सेल्सिअसला" असं छापायचे. तेल तापलं की फुगतं, त्यामुळे तेवढ्या तापमानाला ८९० ग्रॅमच्या आसपासचं तेलही एक लिटर भरतं. शेवटी सरकारला सांगावं लागलं की तापमान छापू नका, मापासोबत वजन लिहा. १५ जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत होती.

डबा घेणाऱ्यांनी तर डोळ्यांत तेल घालून बघावं. १५ किलोचा आणि १५ लिटरचा डबा दिसायला सारखाच. १५ लिटरमध्ये तेल भरतं १३ किलो ६५० ग्रॅम. १५ किलोमध्ये जवळजवळ साडेसोळा लिटर. भाव विचारताना "डबा कितीला" असं विचारूच नका, "१५ किलोच्या डब्याला किती" असं विचारा.

लातूर ते लालबाग
दादरकर, शुल्क वाढलं म्हणजे दिल्लीने मुंबईकराच्या खिशात हात घातला, असा तुमच्या लिहिण्याचा सूर आहे. दुसरी बाजू मांडतो. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. मोंढ्यात भाव त्याच्या खाली होता. विनाशुल्क तेल बंदरात ओतत राहिलं तर लातूर-अकोल्याच्या सोयाबीनला कोण विचारणार? चौघांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल लागतं असं धरा, म्हणजे २ किलो ७३० ग्रॅम. तुमच्याच हिशेबाने वाढ झाली महिन्याला ५६ रुपये. तेवढ्यासाठी शेतकऱ्याचं अख्खं पीक मातीमोल करायचं का?

आणि मे २०२५ मध्ये शुल्क कमी केलं ते कधी? खरिपाच्या पेरणीच्या तोंडावर. शेतकरी बियाणं घ्यायला निघालेला असताना त्याला हाच निरोप मिळाला की यंदा बाहेरचं तेल स्वस्त येणार.

दादरकर
शेतकऱ्याला भाव मिळावा याबद्दल माझं दुमत नाहीच. पण तेलावरचं शुल्क त्याच्यापर्यंत पोचतं किती, ते मोजू. १०० किलो सोयाबीन गाळलं की तेल निघतं १८ किलोच्या आसपास, आणि ८० किलोवर पेंड. तेल किलोला साडेवीस रुपयांनी चढलं आणि त्यातला पैसा न्‌ पैसा शेतकऱ्याला मिळाला, असं धरलं तरी क्विंटलला जेमतेम ३७० रुपये. पेंड किलोला ५ रुपयांनी पडली तर ८० किलोचे ४०० गेले. वाढ तिथेच संपली.

आणि पेंड पडलीच. मका आणि तांदळापासून पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल बनवल्यावर जो चोथा उरतो, डीडीजीएस, तो कोंबडीखाद्यात सोयापेंडीच्या जागी स्वस्तात जायला लागला. हे धोरणही दिल्लीचंच. एका हाताने तेलाला शुल्काचा टेकू द्यायचा, दुसऱ्या हाताने पेंडीखालची खुर्ची काढून घ्यायची, आणि मधल्यामध्ये ५६ रुपये मुंबईकराने भरायचे. नाक्यावरच्या वडापाववाल्याला तर १५ किलोच्या एका डब्यामागे तीनशे रुपये जास्त. तो वडा लहान करतो किंवा तेच तेल जास्त दिवस चालवतो. तळणीच्या तेलातली पोलर संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवून बनणारे घटक) २५ टक्क्यांवर गेली की ते वापरू नये असा नियम आहे, पण गाडीवर येऊन ते मोजतं कोण?

लातूर ते लालबाग
पेंडीचं गणित मान्य. मग शुल्क काढून टाका असं म्हणू नका, हमीभावाने खरेदी करा असं म्हणा. शुल्क गेलं तर तेलाचे ३७० रुपयेही जातील आणि पेंड पडलेली ती पडलेलीच राहील.

शीव पूर्व
"सगळं दिल्लीत ठरतं" म्हणणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात.

जानेवारी २०२० मध्ये भारताने रिफाइंड पामतेलाची मुक्त आयात बंद केली. त्याआधी मलेशियाचे पंतप्रधान महाथिर काश्मीर आणि नागरिकत्व कायद्यावर बोलले होते, आणि मलेशिया हा आपल्याला रिफाइंड पामतेल विकणारा मोठा देश. अधिसूचनेत कुठल्या देशाचं नाव नव्हतं, पण व्यापाऱ्यांना अर्थ समजला आणि त्यांनी इंडोनेशियाकडे मोर्चा वळवला. अधिसूचना दिल्लीची, कारण परराष्ट्र धोरणाचं. या दोन गोष्टी वेगळ्या काढणार कशा?

दुसरी गोष्ट, इंडोनेशियाने २०२५ मध्ये डिझेलमध्ये ४० टक्के पामतेलाचं इंधन मिसळायला सुरुवात केली. म्हणजे आपल्या कढईत येणारं तेल त्यांच्या ट्रकमध्ये चाललंय. २०२४ च्या शेवटी पामतेल सोयाबीन तेलापेक्षा महाग झालं होतं. वर्षानुवर्षं उलटं असायचं, म्हणूनच फरसाणवाले, बिस्किटवाले, वडापाववाले पामोलीनवर (पामतेलाच्या पातळ भागावर) आहेत. जकार्तातल्या या निर्णयावर आपल्या ग्रुपवर कोणी बोलत नाही, तिथे फक्त युक्रेन चालतं.

दादरकर
महाथिरांचा मुद्दा मानतो. तिथे मी फार सरळ रेघ ओढली होती. पण मग नेपाळचंही बोला. रिफाइंडवर आपण ३५.७५ टक्के शुल्क लावतो, नेपाळच्या मालाला ते माफ. सोयाबीनचं पीक तिथे नावापुरतं, तरी सोयाबीन तेल तिकडून धो-धो येऊ लागलं, कारण परदेशी कच्चं तेल आणून, शुद्ध करून, सीमेपलीकडे ढकललं की शुल्काचा फरक हातात पडतो. मे २०२५ नंतर कच्च्या आणि रिफाइंडमधलं अंतर १९.२५ टक्क्यांचं झालं, आधी ते ८.२५ होतं. हे अंतर इथल्या रिफायनऱ्यांसाठी ठेवलंय आणि ते बरोबरही आहे, पण नेपाळचा माल शुल्कच भरत नाही, त्यामुळे ती वाट या अंतराने बंद होत नाही.

चारकोपची ताई
एवढं सगळं वाचलं. मग सणाचं तेल कधी भरायचं ते सांगा.

मस्जिद बंदर
ताई, तीन गोष्टी बघा: मलेशियाचा पामतेलाचा वायदा, डॉलर, आणि शुल्काची अधिसूचना. पहिल्या दोन हळूहळू झिरपतात, दुकानात दिसायला तीन-चार आठवडे जातात. तिसरी एका रात्रीत लागू होते. दिवाळीच्या तळणाचं पामतेल बहुतेक जुलै-ऑगस्टमध्येच बुक झालेलं असतं, त्यामुळे श्रावणातला वायदा बघितलात तर फराळाच्या भावाचा अंदाज येतो. मात्र शुल्क कमी झाल्याची बातमी आली की दोन-तीन आठवडे लहान पिशवीवर काढा, डबा घेऊ नका. भाव चढताना जुन्या मालालाही नवा भाव लागतो, उतरताना मात्र जुना माल जुन्याच एमआरपीला विकला जातो.