सिडनीची बोंडी ते कूजी वाट: बायकोच्या गुडघ्याले झेपते का?

पऱ्हाटीवाला:
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातला शेतकरी, वय 63. पोरगा सिडनीले नोकरीले आहे, नोव्हेंबरात दोघांले बोलावून राहिला. ऐन वेचणीत वावर सोडून जा लागते, पण तिकिटं काढली त्यानं. म्हणते, बाबा, बोंडीहून कूजीपर्यंत समुद्राच्या काठानं पायी नेतो, सहा किलोमीटर. मले सहाचं काही नाही, पण सौ.चा उजवा गुडघा चार वर्षांपासून कुरकुरते. फोटोत कड्याच्या कडेनं रस्ता पाहून तिनं आतापासूनच हात जोडले. दुसरं, तालुक्याच्या एका एजंटानं यादीत या चालण्याचे वेगळे पैसे लावले. तिकीट असते का? अन् नोव्हेंबर म्हणजे थंडी, स्वेटर किती घ्यावे?

संत्रा_मोसंबी:
काका, बोंडीले सगळे सेल्फीवाले. जाताच आहात तर व्हिक्टोरिया राज्यातला ग्रेट ओशन वॉक करा. अपोलो बे ते ट्वेल्व्ह अपॉसल्स नावाचे खडकाचे खांब, शंभरावर किलोमीटर, आठ दिवस. लाटा चुनखडीचा कडा पोखरतात, त्यातूनच समुद्रात ते खांब उभे राहिले. त्याच किनाऱ्यावर 1990 साली लंडन ब्रिज नावाच्या कमानीचा एक भाग कोसळला, पलीकडे अडकलेल्या दोघांले हेलिकॉप्टरनं काढलं. भारी जागा!

पऱ्हाटीवाला:
बाबू, आठ दिवस चालाचं तर शेगावले पायी जाईन, निदान महाराज तरी भेटतीन. अन् ते हेलिकॉप्टरचं सौ.नं वाचलं, आता येतच नाही म्हणते.

वर्धेकाठची:
भाऊ, वहिनीले सांगा, मी गेल्या नोव्हेंबरात चालून आली. वय 58, दोन्ही गुडघे वाजतात. तिकीट-बिकीट काही नाही, सार्वजनिक वाट आहे. एजंटाले ते पैसे यादीतून काढाले लावा.

अंतर त्रास देत नाही, पायऱ्या देतात. वाट सपाट नाही. एक वळण खाली उतरवते, पुढचं पुन्हा वर चढवते. कड्याच्या बाजूनं बहुतेक ठिकाणी कठडा आहे, फक्त फोटोसाठी तो ओलांडू नका. पूर्ण वाट एका दमात कराचीच, असं कोणी सांगतलं? बोंडीहून तामारामा अन् मग ब्राँटी, अडीचेक किलोमीटर. ब्राँटीले मोठं हिरवं मैदान, झाडं, संडास, पाण्याचा नळ अन् परतीची बस. आम्ही तिथंच झुणका-भाकर सोडली. एका पांढऱ्या पक्ष्यानं, सीगल म्हणतात त्याले, माह्या हातातला भाकरीचा कोर असा उचलला, जसा आपल्याकडं कावळा पिंडाचा भात उचलते!

ब्राँटीच्या पुढं वेव्हर्ली कबरस्तान आहे, 1877 सालचं. कड्याच्या माथ्यावर पांढऱ्या संगमरवराच्या रांगाच रांगा, अन् समोर सगळा समुद्र. मले वाटलं भीती वाटन, पण सगळ्यात जास्त वेळ मी तिथंच बसली. समुद्र मी पहिल्यांदाच पाहत होती. अर्ध्या तासात चष्म्यावर मिठाचा थर आला. पदरानं पुसला तर आणखी पांढरा झाला. शेवटी पोरीनं बाटलीतल्या पाण्यानं धुऊन देल्ला.

पुढं क्लोव्हेली. तिथं खाडीच्या दोन्ही काठांवर सिमेंटचे ओटे आहेत, आपल्या घाटासारखे. मग गॉर्डन्स बे, तिथल्या पायऱ्या वहिनीसाठी नाही. तो तुकडा सोडून द्या.

स्वेटर एकच घ्या. तिकडं तेव्हा उन्हाळ्याचं तोंड असते. पारा पंचविशीच्या आसपास, म्हणून मी टोपी घातली नाही. मे महिन्यात वावरात धसकटं वेचणारी बाई मी, मले काय ऊन सांगता! संध्याकाळी मान अन् कान लालभडक. गार वाऱ्यात समजतच नाही, पण तिथले अतिनील किरण लय तिखट आहेत. क्रीम चोपडा, लाज नका धरू. अन् पाण्यात उतरलेच तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधातच. तिथं जीवरक्षकाची नजर असते.

पऱ्हाटीवाला:
ताई, लय उपकार. ब्राँटीपर्यंत कबूल झाली. आता विचारून राहिली, साडी चालते का?

वर्धेकाठची:
चालते, पण पदराले दोन पिना लावा. तामारामाच्या वळणावर माहा पदर उडून एका पळणाऱ्या गोऱ्याच्या तोंडावर गेलता. चूक माही, अन् सॉरी तोच म्हणत गेला.