समुद्रातल्या गॅस फील्डचा प्लॅन पी५० वर करायचा का?

फोंडेकर_पेट्रो: नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा, पेट्रोलियम इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्टला एक काल्पनिक ऑफशोअर गॅस फील्ड दिलंय, तीन विहिरी आणि थ्रीडी सेस्मिक (ध्वनिलहरींनी काढलेलं भूगर्भाचं चित्र), त्यावरून खालचा गॅस पी९० ला (म्हणजे निदान इतका असण्याची ९० टक्के शक्यता) ०.६ टीसीएफ (लाख कोटी घनफूट), पी५० ला १ आणि पी१० ला १.७ येतो. गटातले म्हणतात पी५० धर आणि प्लॅटफॉर्म, कंप्रेसर, पाइपलाइन सगळं त्यावर बसव. मला पटत नाही, पण नेमकं का ते सांगता येईना.

सडा_वास्को: बरोबर शंका आहे तुझी. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला रिलायन्सचा समुद्रातला गॅस ब्लॉक केजी-डी६ बघ. तिथल्या डी१-डी३ या फील्डसाठी २००६ च्या आराखड्यात साधारण १० टीसीएफ निघेल आणि रोज ८ कोटी घनमीटर मिळेल असं धरलं होतं, एप्रिल २००९ ला गॅस सुरू झाला, २०१० मध्ये ब्लॉक जेमतेम ६ कोटींच्या आसपास गेला आणि मग घसरतच राहिला. पाणी आणि वाळू विहिरीत शिरली. २०१२ मध्ये साठ्याचा आकडा ३ टीसीएफच्या जवळ आला, फेब्रुवारी २०२० मध्ये डी१-डी३ बंदच झालं. कंपनी म्हणाली भूगर्भच गुंतागुंतीचा निघाला, सरकारी बाजू म्हणाली मंजूर तेवढ्या विहिरी खोदल्याच नाहीत. वाद काहीही असो, किनाऱ्यावरचा प्लांट आणि पाइपलाइन तोवर मोठ्या आकड्यावर बांधून झाली होती ना!

बेतूल_ऑफशोअर: वरच्या दादांशी सहमत, पण मला विचारशील तर टीसीएफ किती यापेक्षा दोन प्रश्न जास्त महत्त्वाचे. गॅसखालचं पाणी किती जोरात वर येतं, आणि रिझर्व्हॉयर (गॅस धरून ठेवणारा खडक) एकसंध आहे की फॉल्टनी, म्हणजे खडकातल्या भेगांनी, तुकडे पडलेत. पाणी नसेल तर ८०-९० टक्के गॅस निघू शकतो, पाण्याचा जोर असेल तर बराच गॅस मागे अडकून ५०-६० वर थांबतं. म्हणजे १ टीसीएफ तोच, हातात येणारा गॅस मात्र वेगळा. म्हणून पी५० चं एकच मॉडेल नको, पाणी-नाही, पाणी-जोरात, तुकडे-तुकडे अशी वेगवेगळी चित्रं बनव आणि प्रत्येकात तोच प्लॅन चालवून बघ, पैसे कुठे बुडतात ते लगेच दिसेल. प्लॅटफॉर्मवर नव्या विहिरींसाठी दोन-चार स्लॉट जास्तीचे ठेव, कंप्रेसरसाठी जागा आणि वजनाची सोय आत्ताच कर पण मशीन नंतर घे. नंतर समुद्रात जाऊन जागा वाढवणं फार महाग पडतं रे.

फोंडेकर_पेट्रो: धन्यवाद सर! पण वर्षभर गॅस काढला की पी/झेडची रेघ (गॅस काढला तसा दाब कसा उतरतो त्याचा आलेख) काढून खरा आकडा कळेलच ना?

बेतूल_ऑफशोअर: तिथेच फसतात लोक. पाणी दाब धरून ठेवतं, सुरुवातीचे पॉइंट छान सरळ रेषेत बसतात आणि साठा आहे त्याहून मोठा दिसतो. प्रत्येक विहिरीचा दाब वेगळा मोज, विहिरीतून येणाऱ्या पाण्याचा खारटपणाही तपासत राहा, कारण गॅसबरोबर वाफेतून येणारं पाणी गोडं असतं, खारं वाढायला लागलं की खालचं पाणी पोचलं समज. आणि गॅस विक्रीचा करार पी५० च्या प्लॅटोवर (रोजच्या स्थिर उत्पादनावर) बांधू नकोस, पक्की हमी पी९० च्या जवळची दे, वरचा गॅस जमेल तसा विक.

सडा_वास्को: +१. आणि अजून एक विहीर परवडत असेल तर मधे नको, कडेला, पाण्याच्या पातळीजवळ खोद.